बोरकोंडच्या माळावरचे एकेचाळीस दगड

गोमाजी उतेकर हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून लोक म्हणायला लागले, मास्तरांचा आणि गोमाजीचा फार जिव्हाळा. कसला जिव्हाळा, कपाळ माझं! मी तापट, तो गुळमुळीत. एक साधा प्रश्न विचारला तर आधी डोकं खाजवणार, मग समोरच्या डोंगराकडे बघणार, मग म्हणणार, "आता काय सांगू, मास्तर." अरे बाबा, जे आहे ते सांग की!

एकतीस साली माझी बोरकोंडच्या शाळेवर बदली झाली. पोलादपूरहून आंबेनळीच्या वाटेने चारेक मैल चालायचं, मग मोठी वाट सोडून ओढ्याच्या कडेने वर चढायचं. पन्नासेक घरं. वरची आळी, मधली आळी, खालची आळी. बापे निम्मे मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, आणि इथे बायका, म्हातारी माणसं आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी. मी मूळचा महाडचा, बाजारपेठेत वाढलेला. मला पहिला महिना त्या शांततेत झोप लागेना.

वाडीच्या उगवतीला एक माळ होता. आमच्याकडे दात न आलेलं मूल गेलं तर जाळत नाहीत, मूठमाती देतात. तो माळ पूर्वी तेवढ्यापुरताच. त्याचा मोठा माळ झाला तो अठरा सालच्या मानमोडीत. ती साथ ज्यांनी पाहिली त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दसऱ्याच्या सुमाराला मुंबईहून माणसं ताप घेऊनच घरी आली. तीन दिवस अंथरूण, नाकातून रक्त, की संपलं. वीस-बावीस दिवसांत एकेचाळीस माणसं गेली. ज्या घरात माणूस मेलाय त्या घरात बाकीचे तापाने फणफणलेले. चार खांदेकरी मिळेनात, तिथे लाकडं तोडणार कोण आणि सरण रचणार कोण? उभी अशी दोनच माणसं होती, गोमाजी आणि हैबती. त्या दोघांनी घोंगडीत घालून माणसं माळावर नेली आणि मातीत ठेवली. शेवटी हैबतीही त्याच मातीत गेला. गोमाजीची बायको मैना, तीही.

तेव्हापासून तो माळ गोमाजीचा झाला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. पाऊस सरला की हा विळा-कोयता घेऊन माळावर जायचा, गवत कापायचा, कलंडलेले दगड उचलून सरळ रोवायचा, दगडांना चुना लावायचा. एकेचाळीस दगड, एकेचाळीस माणसं. सर्वपित्रीला घरोघरच्या बायका आपापल्या दगडापुढे पान वाढायच्या. मुंबईकर शिमग्याला आला, की आधी देवळात जायचा आणि मग गोमाजीला हाक मारायचा. गोमाजी पुढे, तो मागे. गोमाजी एका दगडाशी थांबायचा. "ही तुझी आय." मग तो बाप्या तिथे बसून ढसाढसा रडायचा, आणि गोमाजी लांब जाऊन उभा राहायचा. लिहिता न येणारा माणूस, पण एक नाव कधी चुकला नाही.

चौतीस सालच्या शिमग्याला भिकू आला. हा मुंबईला गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा पुढारी, आणि बोलण्यात सगळी गिरणी भरलेली. मला म्हणाला, "मास्तर, मंडळाचा ठराव पास झालाय. दगडांवर नावं कोरायची. गोमाजीकाका काय कायम टिकनार हाय काय? एकदम फस्क्लास लिष्ट पायजे." मला तर हेच हवं होतं. सगळं ज्ञान एका अडाण्याच्या डोक्यात ठेवायचं म्हणजे काय! मी दुसऱ्याच दिवशी सकाळी दौत-टाक आणि फुलस्केप घेऊन गोमाजीला माळावर गाठलं.

त्याने खूप आढेवेढे घेतले. "कशाला कागद, मास्तर? समद्यांना ठाव हाय." मी म्हटलं, "तुझ्यामागे कोण सांगणार? चल, नखरे नकोत." दोन सकाळी आम्ही ते काम केलं. तो दगडाला हात लावून नाव सांगायचा, बापाचं नाव सांगायचा, घर कुठलं ते सांगायचा. मी लिहायचो आणि दगडावर गेरूने आकडा घालायचो. एकदाही अडखळला नाही. मनात म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या, माझ्या चौथीच्या वर्गाला पाढे एवढे येत नाहीत. यादीखाली त्याचा अंगठा घेतला, पोलीस पाटील कुशाबाची सही घेतली. सुवाच्य अक्षरात दोन प्रती केल्या. एक भिकूबरोबर मुंबईला धाडली, एक शाळेच्या पेटीत ठेवली. खरं सांगतो, त्या यादीचा मला फार अभिमान वाटला. उभ्या नोकरीत मी काही केलं असेल तर ते हेच, असं वाटायचं.

यादी झाल्याचं वाडीभर झालं आणि चौथ्या दिवशी साळूबाई पाटलाच्या दारात जाऊन बसली.

साळूबाईचं घर वरच्या आळीच्या टोकाला. साठीची विधवा बाई, कमरेत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. तिला एकच मुलगा होता, मुरारी. अठरा वर्षांचा. गिरणीत लागून वर्ष झालं नव्हतं, तो ताप घेऊन आला. पाठोपाठ हीही पडली. नवव्या दिवशी शुद्धीवर आली तेव्हा घरात कोणी नव्हतं. मुरारी मातीत जाऊन पाच दिवस झाले होते. तिने त्याचं तोंड पाहिलं नाही. सर्वपित्रीला ती दगडापुढे पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसायची. दिवस कलला तरी कावळा शिवायचा नाही. आजूबाजूची पानं शिवायचा, हिचं नाही. सोळा वर्षं. "माझ्या पोराला आग नाय मिळाली," ती म्हणायची. "तो आडकलाय. मी जायच्या आधी त्येची हाडं काढून जाळायची हायेत, मंग मी सुटंन नि तो बी सुटंल."

हे ती वर्षानुवर्षं मागत होती आणि कुशाबा पाटील नाही म्हणत होता. त्याचंही चूक नव्हतं. "चुकून दुसऱ्याची माती उकरली तर पाप गावाच्या माथी. झाकली मूठ सव्वा लाखाची, वयनी." पण आता साळूबाई म्हणाली, "आता कागदावर हाय ना? सतरावा दगड. मास्तरांनी लिवलंय, तुमची सही हाय. आता कसली चूक?" कुशाबाने मला बोलावलं. मी म्हटलं, "बाई बरोबर बोलते आहे. यादी बिनचूक आहे." चैत्रातला एक सोमवार ठरला. सरणाला लाकडं जमवायची, हाडं काढायची, ओढ्याकाठी जाळायची, राख सावित्रीत सोडायची.

गोमाजी तिथेच होता. एकदम पुढे आला आणि म्हणाला, "वयनी, नका उकरू. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, तसं करू. भटजी बी तेच सांगतात."

"पानं मी रोज चुलीत घालते," साळूबाई म्हणाली. "मला माझा पोर पायजे."

मी गोमाजीला सगळ्यांदेखत झापलं. तुझी भुतंखेतं तुझ्यापाशी ठेव म्हणालो. तो खाली मान घालून निघून गेला. लपवत नाही, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तो आला. ओटीवर चढेना, अंगणातच उभा.

"मास्तर, तो कागद परत द्या."

"का?"

डोकं खाजवलं. डोंगराकडे पाहिलं. माझा पारा चढायला लागला. मग तो खाली बसला आणि बोलला, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबला नाही.

"मला कायच ठाव नाय, मास्तर. कोन कुठं हाय, कायच नाय. पहिले चार दिस ठाव व्हतं. मंग दोन-दोन, तीन-तीन येका खड्ड्यात ठेवली. हैबती गेला. मंग मी पडलो. आठ दिस. त्या आठ दिसांत ज्याला जमलं त्यानं आनून ठेवली. मी उठून माळावर गेलो तं समदी माती सारखी. माजी मैना बी त्यातच. तिला कोनी नेली ते बी कळलं नाय."

"मग दगड?"

"शिमग्याला हा भिकू आला. त्येची आय गेल्याली. माझा हात धरून रडायला लागला, काका, आय कुठं हाय सांग. आता त्येला काय सांगू? ठाव नाय सांगू? मी बोट दाखवलं. तो तिथं डोकं ठेवून रडला नि उठला तेव्हा बरा व्हता, मास्तर. जेवला बी. मंग दुसरा आला. मंग तिसरा. मंग मी दगडच लावले. मैनाचा बी लावला. कुठंतरी पायजे ना."

मी आत जाऊन पेटीतली यादी काढली. एक ते अकरा वरची आळी. बारा ते अठ्ठावीस मधली. पुढे खालची. आणि आळीतसुद्धा घरांच्या क्रमाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक घर इकडचं तिकडे नाही. फक्त साळूबाई वरच्या टोकाची असून मुरारी सतरावा, कारण गोमाजी म्हणाला, "ती पहिल्यांदा इच्यारायला आली तेव्हा वरची जागा भरल्याली." बाकी अख्खी वाडीच त्याने माळावर मांडली होती. मी शाळामास्तर, रोज हजेरीपट लिहिणारा, आणि हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही! मरण काय हजेरी घेत घेत येतं? घराच्या ओळीने माणसं मरतात?

"असं का लावलंस?"

"ध्येनात राहायला. कोनाला काय सांगितलं ते चुकलं नाय पायजे."

माझा जो भडका उडाला म्हणता! मी त्याला नाही नाही ते बोललो. लबाड म्हटलं, गावाला फसवणारा म्हटलं, मेलेल्यांचा खेळ मांडणारा म्हटलं. खरा राग मला कशाचा आला होता? माझी एकेचाळीस नावांची यादी, माझं सुवाच्य अक्षर, मुंबईला गेलेली प्रत, सगळं खोटं ठरलं होतं. शेवटी मी म्हटलं, "सोमवारच्या आत साळूबाईला तूच सांग. मी तुझं पाप निस्तरणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी ओढ्यावर भेटला. मी विचारलं, सांगितलंस? तो म्हणाला, "दारात गेलो व्हतो. वयनीनं ताक दिलं. मुरारीची जुनी टोपी काढून ठेवली हाय तिनं, सरनावर ठेवायला. मी ताक प्यालो नि आलो."

मीही सांगू शकलो असतो. घर काही लांब नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली, सोळा वर्षांत काय उरणार आहे, माती आणि दोन हाडं. पुरुषाची काय आणि बाईची काय, ओळखणार कोण? ती जाळेल आणि सुखाने मरेल. असं म्हणून मी घरी आलो आणि जेवलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी आशेला लागायला नको. त्या सोमवारनंतर माळावर कोणी पान वाढलं नाही. भिकूने मुंबईहून पत्र लिहून नावं कोरण्याचं काम थांबवलं. आजही तो शिमग्याला येतो, पण उगवतीकडे तोंड करत नाही. गोमाजी मात्र आणखी दोन पावसाळे एकटाच गवत कापत राहिला, दगड सरळ करत राहिला. मी एकदा ओरडलो, "आता कुणासाठी रे?" म्हणाला, "दगड पडला तर बरा दिसत नाय." छत्तीस सालच्या श्रावणात तो गेला. त्याला रीतसर जाळला. लाकडं ओली होती, फार वेळ लागला. सगळी वाडी आली नव्हती. आता त्या माळावर करवंदीचं रान माजलंय, चुना धुऊन गेलाय, आणि कुठला दगड लावलेला आणि कुठला मूळचा, हे मलाही सांगता येत नाही.

तर तो सोमवार. ऊन चढायच्या आत सगळे माळावर जमले. बायका एका अंगाला, बापे एका अंगाला. माझ्या हातात यादी, कारण कुशाबा म्हणाला, कागद असू द्या. साळूबाई नवं लुगडं नेसून आली होती, पोराच्या लग्नाला आल्यासारखी. मांडीवर कोरं धोतर पसरून ती सतराव्या दगडापाशी बसली. कुशाबाने नारळ फोडला आणि स्वतः कुदळ घेतली. गोमाजी माझ्या बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

दीड हातावर हाड लागलं. साळूबाईने "हळू रे, हळू" म्हणून कुशाबाचा हात धरला आणि पुढची माती स्वतः बोटांनी काढायला लागली. काढता काढता थांबली. तिच्या तळहातावर हिरव्या काचेचा तुकडा होता. मग आणखी एक. मग कुशाबाने माती सारली, आणि मनगटाच्या हाडात तीन अख्ख्या बांगड्या तशाच होत्या.

बायकांतून एक चीत्कार उठला आणि थांबला. साळूबाईने त्या बांगड्यांकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती हिशेब लावल्यासारखी विचार करत होती. मग तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर आली आणि चेहरा एकदम उजळला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा आकडा चुकला असंल. सतरा नाय, सोळा असंल, नाय तर आठरा. मानूसच हाय लिवनारा, चुकतो कधी. ही कोनाची तरी लेकबाळ हाय बिचारी, तिला परत झाकू. माझा मुरारी शेजारीच असंल. बघा की जरा कागदात."

गोमाजीने माझ्याकडे पाहिलं. अहो, तसं कोणी माझ्याकडे आयुष्यात पाहिलेलं नाही. एवढंच म्हणायचं होतं, "हो साळूबाई, माझ्याकडून लिहिताना चूक झाली. तुझा अठरावा." माझी थोडी नाचक्की झाली असती. लोक हसले असते, मास्तरांना आकडे येत नाहीत म्हणून. अठराव्याखाली काय निघालं असतं देव जाणे. कदाचित बाप्या निघाला असता. त्या बाईने तो आपला म्हणून जाळला असता, आणि बाकीच्या घरांना आपापला दगड राहिला असता.

आणि मी काय म्हणालो? इतक्या माणसांसमोर चूक माझी ठरते आहे, एवढंच मला दिसलं. नाकाला मिरची झोंबावी तसा मी म्हणालो, "माझ्या यादीत चूक नाही. मी दोनदा ताडून पाहिली आहे. याने जे सांगितलं तेच मी लिहिलं."

"नसंल," साळूबाई म्हणाली. "शिकलेल्या मानसाची कशी चुकंल." मग ती गोमाजीकडे वळली. "गोमाजी, मंग तू सांग. माझा मुरारी कुठं हाय?"

गोमाजीने डोकं खाजवलं आणि डोंगराकडे पाहिलं.

"सोळा वर्सं सांगत आलास की रे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट समजावणीचा होता. "आज बी सांग. कुठला बी दगड दाखव. मी मानीन."

त्याचा हात वर आला. खरंच आला, कोपरापर्यंत. पण तोवर बायकांच्या घोळक्यातून एकेक बाई मागे वळून आपापल्या दगडाकडे बघायला लागली होती आणि बापे त्याच्याकडे बघत होते. त्याने हात खाली घेतला.

"ठाव नाय, वयनी," तो म्हणाला.

साळूबाईने मांडीवरचं कोरं धोतर उचललं, त्या परक्या बाईच्या हाडांवर पसरलं, आणि चारी बाजूंनी नीट खोचलं. उठायला गेली तर उठता येईना. कुशाबाने हात दिला. उभी राहून तिने माळावर नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मंग सर्वपित्रीला मी आता कुठं बसू?" तिने विचारलं. ते तिने मला विचारलं होतं.